एक रोध, दोन मीटर : प्रकल्प नोंदी

२ जून

प्रकल्प साधा आहे. वेगवेगळ्या रोधांना व्होल्टेज द्यायचं, करंट मोजायचा, आलेख काढायचा. ओहमचा नियम (तापमान तेच असेल तर व्होल्टेज भागिले करंट हा आकडा, म्हणजे रोध, बदलत नाही) सिद्ध करायचा नाही, तो माझ्यासाठी खोळंबलेला नाही. मोजलेला आकडा नियमापासून किती सरकतो आणि सरकतो तेव्हा नेमका कशामुळे, हे बघायचं आहे. अट एकच: फरक दिसला की त्याचा हिशेब लागला पाहिजे. ‘प्रायोगिक त्रुटी’ असं मोघम लिहून सुटायचं नाही.

सामान: ० ते ३० व्होल्टचा पॉवर सप्लाय, दोन डिजिटल मल्टीमीटर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडायची भोकांची पाटी), पाव वॉटचे कार्बन फिल्म रेझिस्टर, थोडे मेटल फिल्म, १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब, लाल एलईडी, नायक्रोमची उघडी तार आणि ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली ९ व्होल्टची झिंक-कार्बन बॅटरी. ही जुनीच हवी होती, नवी उपयोगाची नाही.

१ किलोओहमचे रेझिस्टर, अंगावरचे रंगीत पट्टे: तपकिरी, काळा, लाल, सोनेरी. सोनेरी पट्टा म्हणजे चुकीला ५ टक्के मुभा, म्हणजे ९५० ते १०५० मधलं काहीही चालतं. एकाच पट्टीतले काही ओळीने मोजले: ९८८, ९८६, ९९१, ९८७. सगळे एका बाजूला कललेले, एकमेकांना चिकटून. ५ टक्के म्हटलं की आकडे त्या हद्दीत सगळीकडे विखुरलेले असतील असं वाटतं, पण एका खेपेतला माल बहुतेक वेळा एकाच दिशेला चुकतो. ९८८ वाल्यावर शाईचा ठिपका दिला. पुढे ‘एक किलो’ म्हणेन तो हाच.

३ जून

पहिला आलेख. सप्लायच्या डिस्प्लेवर विसंबता येत नाही, त्याचा करंटचा आकडा १० मिलिॲम्पिअरच्या टप्प्यांनी उडतो. म्हणून एक मीटर व्होल्टेजला, दुसरा करंटला.

२ व्होल्टला २.०२ मिलिॲम्पिअर, ५ ला ५.०६, १० ला १०.१२. टोकं उलटी केली, उणे चिन्हासह तेच आकडे आले. रेषा सरळ, शून्यातून जाणारी.

आडव्या अक्षावर व्होल्टेज आणि उभ्यावर करंट घेतला की उतार हा रोध नसतो, रोधाचा व्यस्त असतो. त्याचं एकक सीमेन्स. इथे ०.००१०१२ सीमेन्स, उलटं केलं की ९८८ ओहम. प्रत्येक बिंदूचा भागाकार करून सरासरी काढण्यापेक्षा सगळ्या बिंदूंतून रेषा बसवून उतार काढणं मला जास्त पटतं. मीटरला शून्याजवळ एखाद्या अंकाची खोड असते, काही न जोडताही ०.०१ दाखवतो. ०.२ व्होल्टच्या आसपास ही खोड भागाकार बिघडवते. रेषा मात्र तेवढ्याने फक्त वर सरकते, तिचा उतार आहे तसाच राहतो.

१० व्होल्टला थांबलो. तिथे रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.१ वॉट उष्णता होते, पाव वॉटच्या निम्म्याहून कमी. तापल्यावर काय होतं ते वेगळं बघायचं आहे, आज त्यात मिसळायचं नाही.

५ जून

१०० ओहमचा रेझिस्टर, मोजलेला ९९.२. पहिला फरक इथे सापडला.

व्होल्टमीटर रेझिस्टर आणि करंटमीटर या दोघांवर मिळून लावला आणि बरोबर २.००० व्होल्ट ठेवले. करंट १९.८० मिलिॲम्पिअर. भागाकार १०१.० ओहम. बाकी काही न हलवता व्होल्टमीटरचा एक प्रोब उचलून फक्त रेझिस्टरच्या पायांवर टेकवला: १.९६४ व्होल्ट. भागाकार ९९.२. मधले ०.०३६ व्होल्ट करंटमीटरने स्वतःकडे ठेवले. त्याला १९.८० मिलिॲम्पिअरने भागलं की १.८ ओहम. हा मीटरच्या मिलिॲम्पिअर रेंजचा आतला रोध, शंट (करंट मोजायला आत बसवलेला छोटा रोध) आणि फ्यूज धरून.

डिजिटल मीटर करंट मोजतो म्हणजे काय करतो, हे एकदा नीट लिहून ठेवतो. करंट आतल्या एका छोट्या, माहीत असलेल्या रोधातून जाऊ देतो, त्या रोधावरचं व्होल्टेज मोजतो आणि भागाकार करून करंट म्हणून दाखवतो. ओहम रेंजवर उलट: माहीत असलेला करंट सोडतो आणि व्होल्टेज मोजतो. म्हणजे नियमाची तपासणी मी नियमावरच चालणाऱ्या यंत्राने करतो आहे. हे मनात टोचत राहिलं आहे.

६ जून

आता दुसरं टोक: १ मेगओहम. व्होल्टमीटर थेट रेझिस्टरवर, म्हणजे कालची ‘बरोबर’ जोडणी. १० व्होल्टला १० मायक्रोॲम्पिअर यायला हवेत, आले ११. भागाकार ०.९०९ मेगओहम, तब्बल ९ टक्के कमी. हा एक जादा मायक्रोॲम्पिअर व्होल्टमीटरमधून गेला. डिजिटल मीटरचा आतला रोध डीसी व्होल्टेजला साधारण १० मेगओहम असतो आणि १० व्होल्टला त्यातून बरोबर तेवढाच करंट जातो. व्होल्टमीटर बाहेर नेला, करंटमीटरलाही कवेत घेऊन, की ०.९९९ मेगओहम येतो. मायक्रोॲम्पिअर रेंजचा आतला रोध १०० ओहम असला तरी मेगओहमपुढे त्याला कोण विचारतो.

मग सीमा कुठे? व्होल्टमीटर बाहेर ठेवला तर चूक करंटमीटरच्या रोधाला मोजायच्या रोधाने भागून येते, आत ठेवला तर मोजायच्या रोधाला व्होल्टमीटरच्या रोधाने भागून. दोन्ही समान कधी होतात? रोध जेव्हा दोन्ही मीटरांच्या रोधांच्या गुणाकाराचं वर्गमूळ असतो तेव्हा. १.८ ओहम आणि १० मेगओहम घेतले की सुमारे ४.२ किलोओहम. त्या ठिकाणी दोन्ही चुका ०.०४ टक्के, म्हणजे बघायचीही गरज नाही. एक किलोचा आलेख इतका शहाण्यासारखा का आला, ते कळलं: तो दोन्ही टोकांपासून लांब होता.

याच कारणाने १-१ मेगओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत लावून १० व्होल्टचा मध्य मोजला तर ५ येत नाहीत, ४.७६ येतात. खालच्या रेझिस्टरला मीटरचा १० मेगओहम समांतर जोडला जातो, तो ०.९०९ होतो, आणि १० × ०.९०९ ÷ १.९०९ केलं की तेच ४.७६. १०-१० किलोओहमचे लावले की मध्य ५.०० च दिसतो. ‘व्होल्टेज डिव्हायडर बरोबर व्होल्टेज देत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच हिशेब असतो, आणि मीटरच्या जागी कुठलंही पुढचं सर्किट असलं तरी तो बदलत नाही.

जाता जाता: १ मेगओहम ओहम रेंजवर मोजताना दोन्ही टोकं बोटांनी प्रोबवर दाबून धरली तर ०.७ च्या आसपास दाखवतो. मोजणाऱ्याचं शरीरही समांतर रोध असतं. एका हाताने धरायचं.

९ जून

आज ओहमचं वाचन आणि जुनी बॅटरी. दोन्ही एकाच गोष्टीत येऊन मिळाले.

गेऑर्ग सिमोन ओहम जर्मनीतल्या कोलोनला शाळेत शिकवत असताना, १८२५ आणि १८२६ मध्ये, हे प्रयोग करत होता. सुरुवातीला त्याच्याकडे रासायनिक बॅटरी होती आणि तिचा जोर मोजता मोजता उतरायचा. पोग्गेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने बॅटरी सोडली आणि तांबं-बिस्मथची उष्णविद्युत जोडी घेतली: दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की व्होल्टेज तयार होतं. झेबेक या शास्त्रज्ञाने ती घटना १८२१ मध्ये दाखवली होती. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतंय तोवर तापमानातला फरक हलत नाही, म्हणजे व्होल्टेजही हलत नाही. त्या काळातला हा स्थिर पॉवर सप्लायच म्हणायचा.

करंट मोजायला त्याच्याकडे शंट नव्हता, चुंबकसूची होती. तारेजवळ टांगलेली सूची करंटमुळे वळते, आणि टांगणी किती पिळली की ती मूळ जागी परत येते, ते त्याने मोजलं. म्हणजे ५ तारखेला मला टोचलेली गोष्ट त्याच्या बाबतीत नव्हतीच. त्याचा करंटचा आकडा चुंबकीय परिणामातून येत होता, रोधाच्या नियमातून नाही. वर्तुळ तिथे तुटतं. काट्याचा जुना मीटरही काटा चुंबकीय बलानेच फिरवतो. माझी शंका त्याने मिटली.

त्याला मिळालेलं पहिलं सूत्र पाठ्यपुस्तकातल्यासारखं नाही. परिणाम = अ ÷ (ब + लांबी), असा त्याचा घाट आहे. लांबी म्हणजे तपासायच्या तारेची, अ म्हणजे स्रोताचा जोर, आणि ब म्हणजे उरलेल्या सर्किटचा वाटा. हा ब मला फार आवडला, कारण पुस्तकातून तो गळून पडतो आणि टेबलावर पहिल्यांदा तोच भेटतो.

माझी बॅटरी: मोकळी ९.१० व्होल्ट. एक किलो जोडला, ८.७९. ४७० ओहम (मोजलेला ४६५) जोडला, ८.४६. पहिल्यात ०.३१ व्होल्ट आत हरवले आणि करंट ८.९ मिलिॲम्पिअर होता, भागाकार ३५. दुसऱ्यात ०.६४ व्होल्ट आणि १८.२ मिलिॲम्पिअर, भागाकार पुन्हा ३५. बॅटरीचा ब ३५ ओहम. नव्या बॅटरीत तो याहून कमी असतो, एवढा ठळक दिसला नसता. ४६५ तसाच जोडून ठेवला तर ८.४६ हळूहळू खाली यायला लागतो, बघता बघता शेवटचा अंक बदलतो. ओहमने बॅटरी का टाकली ते वाचून कळलं होतं, आता डोळ्यांनी दिसलं.

१८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि जर्मनीत त्याचं स्वागत थंड झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. आणि त्याच्याही आधी, १७८१ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिशला हे प्रमाण सापडलं होतं. त्याचा मीटर म्हणजे तो स्वतः: किती झटका बसतो यावरून तो अंदाज बांधायचा. त्याने ते छापलं नाही, मॅक्सवेलने त्याच्या वह्या १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या. स्वतःच्या शरीरावर इतकी अचूक तुलना कशी जमवली असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

१२ जून

तापवण्याचा दिवस. ९९.२ वाल्याला १ व्होल्ट: भागाकार ९९.२. थेट ५ व्होल्ट दिले, म्हणजे जवळपास पूर्ण पाव वॉट. पहिल्या क्षणी ९९.२ च, आणि मग करंट आपोआप चढू लागला. व्होल्टेज जागेवर, हात कुठेच नाही. थांबला तेव्हा भागाकार ९७.४. बोट टेकवलं तर टिकत नाही. कार्बन फिल्मचा रोध तापल्यावर घटतो. मेटल फिल्मचा १०० ओहमवाला त्याच परीक्षेत १००.१ वरून १००.३ वर गेला, एवढंच. पट्टे वाचून दोघेही ‘शंभर’, स्वभाव वेगळे.

तेव्हा आलेखाच्या प्रत्येक बिंदूला दोन वाचनं घ्यायची: लावल्याबरोबर आणि स्थिर झाल्यावर. दोन्हींत फरक नसेल तरच एक आकडा लिहायचा.

१६ जून

बल्ब. करंट मोठा असल्याने १० ॲम्पिअरचं टर्मिनल वापरलं, त्याचा आतला रोध अगदी कमी. थंड असताना ओहम रेंजवर २.५, प्रोब एकमेकांना टेकवल्यावर ०.२, म्हणजे तारेचे २.३.

१ व्होल्टला ०.११ ॲम्पिअर, भागाकार ९.१. ३ ला ०.२०, म्हणजे १५. ६ ला ०.२९, म्हणजे २०.७. १२ ला ०.४२, म्हणजे २८.६ ओहम. आलेख सुरुवातीला उभा चढतो आणि मग आडवा होत जातो. थंड रोधाच्या १२ पटींहून जास्त झाला. टंगस्टनचं कोष्टक लावलं तर एवढ्या वाढीला तारेचं तापमान २४०० केल्व्हिनच्या आसपास निघतं, आणि पिवळट पांढरा उजेड त्याला साजेसाच आहे. व्होल्ट आणि ॲम्पिअर मोजून काचेच्या आतलं तापमान कळलं, थर्मामीटर न लावता. या सगळ्या प्रकल्पात मला सर्वात आनंद याचा झाला.

मग हा नियमभंग आहे का? मी नाही म्हणेन. ओहमचं विधान तापमान स्थिर असताना आहे, आणि इथे दर बिंदूला तार वेगळ्या तापमानाची आहे. तापायला वेळच मिळणार नाही इतका छोटा झटका दिला तर कुठल्याही एका तापमानाला ही तार सरळ रेषेतच वागेल.

पण रोध म्हणून कुठला आकडा द्यायचा, हे इथे सांभाळून लिहावं लागतं. ११ व्होल्टला ०.४०० ॲम्पिअर आहेत, १२ ला ०.४२०. म्हणजे त्या ठिकाणी १ व्होल्टने करंट ०.०२० वाढतो: ५० ओहम. भागाकार २८.६ सांगतो, उतार ५०. पहिला पॉवर काढायला लागतो, दुसरा व्होल्टेज थोडं हललं तर काय होईल ते सांगायला. सरळ रेषेत दोन्ही एकच असतात म्हणून शाळेत फरक कळत नाही.

आणि चालू करतानाचा क्षण: १२ ÷ २.३, म्हणजे ५ ॲम्पिअरच्या वर. माझा सप्लाय ३ ॲम्पिअरला आवरतो, त्यामुळे बटण दाबल्यावर करंट-लिमिटचा दिवा डोळ्याची पापणी लवेपर्यंत लागून विझतो. बल्ब बऱ्याचदा लावतानाच का जातात, त्याचं उत्तर याच झटक्यात आहे.

२० जून

नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार, जाडी ०.४ मिलिमीटर, फूटपट्टीवर १ मीटर ताणलेली. टोकांना क्लिप लावून ०.२०० ॲम्पिअर सोडले. व्होल्टमीटरचा काळा प्रोब शून्यावर ठेवला आणि लाल प्रोब तारेवरून सरकवत नेला: १० सेंटिमीटरला ०.१७५ व्होल्ट, २० ला ०.३५०, ५० ला ०.८७५, टोकाला १.७५. रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो हे वाक्य आकड्यांतून सरकताना दिसतं. दर मीटर लांबीला ८.७५ ओहम. नायक्रोमची रोधकता सुमारे १.१ × १०⁻⁶ ओहम-मीटर धरून आणि तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागून हेच येतं. पाण्याच्या नळाची उपमा इथपर्यंत छान चालते, पण व्होल्टेज ‘वाहतं’ असा समज तीच करून देते. मी ती अहवालातून काढणार आहे.

एक क्लिप मुद्दाम सैल केली. सप्लायचं व्होल्टेज वाढलं, कारण त्याला ०.२०० ॲम्पिअर राखायचे आहेत. प्रोबमधल्या आकड्याला काही झालं नाही. करंट एका जोडीने आणायचा आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीने, आतल्या बाजूने, मोजायचं, म्हणजे क्लिपांचा आणि वायरींचा रोध हिशेबातच येत नाही. थोड्या ओहमच्या गोष्टी मोजायच्या तर याला पर्याय नाही. दोन प्रोबने अर्धा ओहम मोजला तर त्यात ०.२ प्रोबचेच असतात.

२३ जून

लाल एलईडी, थोडक्यात, कारण तो रोधच नाही. १.६ व्होल्टला ०.१ मिलिॲम्पिअर, १.७ ला ०.८, १.८ ला ३, १.९ ला ९.५, २.० ला २०. उलटं लावलं तर शून्य (५ व्होल्टच्या आत राहून). १.७ ला भागाकार २ किलोओहमच्या वर, २.० ला १००. बल्बसारखं तापमानावर खापर फोडता येत नाही, तापमान धरून ठेवलं तरी ही रेषा वाकडीच राहील.

म्हणूनच त्याच्यासोबत रेझिस्टर लागतो. ५ व्होल्टमधून १.९ वजा केले, १० मिलिॲम्पिअर हवे, तर ३१० ओहम. ५ टक्क्यांच्या रेझिस्टरांच्या ठरलेल्या आकड्यांत ३०० नंतर थेट ३३०, तोच घेतला, मोजला तर ३२५. करंटमीटरवर ९.४८ मिलिॲम्पिअर. सप्लाय ५ चा ५.५ केला तर ११ च्या आसपास जातो. एकट्या एलईडीला १.९ चे २.० व्होल्ट केले की करंट दुप्पट होतो, त्यापुढे हे काहीच नाही.

मग रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजलं: ३.०८. त्याला ३२५ ने भागलं की ९.४८ च. करंटमीटर काढून त्याच्या जागी वायर टाकली. रेझिस्टरवर ३.१० व्होल्ट, म्हणजे ९.५४ मिलिॲम्पिअर. वाढलेला हा अंश मीटरच्या १.८ ओहमचा. आता करंट मोजायला ३२५ चाच रेझिस्टर वापरतो आहे, मीटर पेटीत ठेवला.